पंचविसावा शब्द

चष्म्याचा नंबर तपासायला येणाऱ्या माणसाला ताई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची. "हे बरं की हे बरं?" भिंग बदलायची, थांबायची, परत विचारायची. "आता? पहिलं की दुसरं?" माणसं गोंधळायची, दोन्ही सारखीच दिसतात म्हणायची, काही तर चिडायची. ताई चिडत नसे. दोन गोष्टी अगदी सारख्या कधीच नसतात, आपण नीट बघत नाही एवढंच, असं तिचं तेवीस वर्षांच्या धंद्यातून झालेलं मत होतं. घरात काहीही निवडायची वेळ आली, पंखा असो की आईची काठी, की ते काम आपसूक तिच्या गळ्यात पडायचं.

या खेपेला निवडायचं होतं ते हार्डवेअर वॉलेट, डिजिटल नाणी जपायचं यंत्र. दोन होती, एक काळं, एक पांढरं.

खरं तर त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. क्रिप्टो हे तिच्या धाकट्या भावाचं खूळ. भाऊ लिफ्टदुरुस्तीची कामं करायचा. लहानपणापासून हाती लागेल ती वस्तू फटीत, माळ्यावर, पेटीमागे लपवून ठेवायची सवय, म्हणून घरात त्याला सगळे खारू म्हणत. तेरा वर्षांपूर्वी त्यानं आईच्या नावानं एका ऑनलाइन बाजारात खातं काढलं आणि पगारातून उरेल तसे कॉइन घेऊन त्यात टाकत गेला. तेव्हा ते कवडीमोलानं मिळायचे.

"आई, ही तुझ्या म्हातारपणाची सोय," तो म्हणाला होता.

"माझी सोय तू आहेस की," आई म्हणाली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, खारू हत्यारांची पिशवी घेऊन कामावर गेला तो परत आला नाही. एका चौदा मजली इमारतीची लिफ्ट अडकली होती. ती त्यानं दुरुस्त केली. रखवालदारानं त्याला वर जाताना पाहिलं, तासाभरानं लिफ्ट चालू झालेली पाहिली. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत पिशवी सापडली, चेन लावलेली, शेजारी हात पुसायचं फडकं घडी करून ठेवलेलं. त्याला उतरताना मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. पोलिसांनी लिफ्टचा खड्डा पाहिला, पाण्याच्या टाक्या पाहिल्या, आसपासच्या गच्च्या पालथ्या घातल्या. काही मिळालं नाही. याला अकरा वर्षं झाली होती.

आणि आता त्या ऑनलाइन बाजाराचं पत्र आलं होतं. आम्ही व्यवहार बंद करत आहोत, पंधरा तारखेपर्यंत आपले कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवा. दरम्यान त्या कॉइनची किंमत बऱ्यापैकी घराएवढी झाली होती.

"विकून मोकळं होऊ," ताईचा नवरा म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. जमीन, पाणी, डोंगर अशा हाताला लागणाऱ्या गोष्टींवरच त्याचा विश्वास. "आईंच्या नावानं बँकेत ठेवू. निदान पासबुक तरी असतं."

"विकायचं नाही," आई म्हणाली. तिच्या नजरेत मधोमध अंधार झाला होता, कडेनं तेवढं दिसायचं. त्यामुळे बोलताना ती माणसाकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघत असल्यासारखी वाटे. "त्याचं आहे ते. तो आला की त्याला विचारा, मग काय ते करा."

अकरा वर्षांत या वाक्यावर कुणी काही बोललं नव्हतं.

दोन्ही यंत्रं ताईला तारमामांनी दिली. तिच्या दुकानापासून तिसऱ्या गाळ्यात त्यांचं संगणकदुरुस्तीचं दुकान होतं. सगळ्या गल्लीचे ते मामा, आणि अंगाखांद्यावर कायम वायरी, म्हणून तारमामा.

"यात कॉइन नसतात बरं का ताई," त्यांनी समजावलं. "कॉइन सगळे एका वहीत. सगळ्या जगाला दिसणारी वही, तिच्या लाखो प्रती. यात फक्त चावी. ही चावी बाहेर पडत नाही, आणि यंत्र हातात घेऊन बटण दाबल्याशिवाय एक दमडी हलत नाही. सुरू केलं की यंत्र चोवीस शब्द देतं, ते कागदावर लिहायचे. यंत्र हरवलं, फुटलं, तरी शब्द असले की सगळं परत. शब्द गेले की मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"दोन्हींत चांगलं कुठलं?"

"हे तुम्ही मला विचारता?" तारमामा हसले. "दोन्ही न्या. वापरून बघा. नको असेल ते परत आणा."

काळं यंत्र बोटभर लांब, दोन बटणांचं, पडदा नखाएवढा. पांढरं थोडं मोठं, बटणं नाहीत, सगळं काचेवर बोट लावून करायचं. दोन्ही डब्यांवरच्या चिकटपट्ट्या ताईनं भिंगाखाली धरून तपासल्या. कुणी उचकटून पुन्हा चिकटवल्याची खूण नव्हती. मग तिनं वहीत दोन रकाने आखले.

चार दिवस ती दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानातच हे काम करत होती. नवरा डबा घेऊन आला की डोकवायचा. "लोक लग्नाची पोरगी बघायला एवढा वेळ लावत नाहीत," म्हणायचा. ताईनं चाचणीपुरते थोडेसे कॉइन तारमामांकडून घेतले होते, दोन वेळच्या भाजीच्या किमतीचे. ते पांढऱ्यात ठेवले. एकातून दुसऱ्यात पाठवून पाहिले, परत आणले. यंत्रं मुद्दाम कोरी केली, शब्द पुन्हा भरले, सगळं जागच्या जागी परत आलं. पांढऱ्याचा पडदा आईलाही कडेनं दिसला असता. काळ्याची बटणं ठाम होती, दाबलं की दाबल्यासारखं वाटायचं. दोघांच्या रकान्यांत गुण सारखेच पडत चालले होते, आणि हे तिला बोचत होतं.

एक फरक तिनं वहीत लिहिला आणि मग खोडला. काळं यंत्र कोमट लागायचं. त्यात बॅटरी नव्हती, संगणकाला जोडल्याशिवाय ते म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. तरी सकाळी कपाटातून काढलं की ते गारढोण नसायचं. उन्हात ठेवलेली वस्तू तापते तसंही नाही. कुणाच्या खिशातून काढून हातात दिलेल्या किल्लीसारखं कोमट.

कपाटामागच्या भिंतीपलीकडे कुणाची तरी चूल असेल, असं तिनं ठरवलं.

पाचव्या दिवशी ती माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आली. चोवीस शब्दांच्या जोडीला आपल्या मनातला एक पंचविसावा शब्द वापरता येतो, असं तिथं लिहिलं होतं. तो यंत्रात साठत नाही, दर वेळी भरावा लागतो. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: हा शब्द कधीच 'चूक' ठरत नाही. प्रत्येक वेगळा शब्द एक वेगळं, स्वतंत्र वॉलेट उघडतो.

ताईनं ते दोनदा वाचलं. म्हणजे शब्द चुकला तर यंत्र ओरडणार नाही. निमूटपणे दुसरीच एक रिकामी खोली उघडून देईल.

तिनं काळं यंत्र जोडलं आणि दुकानाचं नाव भरलं. वॉलेट उघडलं. रिकामं. एकही नोंद नाही. मग नवऱ्याचं नाव. रिकामं. मग उगाच, बोटं नेतील तसे, 'टेबल', 'खिडकी'. रिकामं, रिकामं. तिला गंमत वाटू लागली. एवढ्या खोल्या, आणि कुणीच नाही.

मग तिनं इंग्रजी अक्षरांत 'खारू' लिहिलं.

या वेळी पडदा लगेच उमटला नाही. छोटं चक्र फिरत राहिलं. समोरच्या रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. तो आवाज कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. मग पडद्यावर नोंदी उतरू लागल्या. एकामागून एक, खालून वर.

एकशे एकतीस नोंदी होत्या. सगळ्या जमेच्या. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक, रकमा लहान. सगळ्यांत जुनी नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती. ज्या मंगळवारी तो गेला, त्याच्या पुढच्या महिन्यातली.

ताईनं यंत्र काढून घेतलं. मग परत जोडलं. परत तेच.

तारमामांनी आधी हसण्यावारी नेलं. "ताई, ही चावी पाच दिवसांपूर्वी जन्मली. तिच्या नावावर अकरा वर्षांचा व्यवहार? काल जन्मलेल्या पोराची अकरा प्रगतिपुस्तकं दाखवताय तुम्ही." पण त्यांनी जगाची ती वही उघडली आणि एकेक नोंद तपासली. डोळ्यांवरचा चष्मा काढून ते तो सदऱ्यानं पुसत बसले.

"खऱ्या आहेत," ते म्हणाले. "त्या त्या दिवशीच लिहिलेल्या. त्या वहीत मागं जाऊन नोंद घालता येत नाही कुणाला."

"मग यंत्रच जुनं असेल. कुणाचं तरी वापरलेलं."

"तेच. दुसरं काय असणार?" तारमामा घाईनं म्हणाले. "शब्द आधीच घालून ठेवलेले असतील. फसवणारे करतात तसं. तुम्ही असं करा, ते कोरं करून नवे शब्द काढा."

तिनं नवे चोवीस शब्द काढले. पंचविसावा तोच ठेवला. पत्ते सगळे बदलले होते. एकशे एकतीस नोंदी तशाच होत्या, त्याच तारखांच्या, त्याच रकमांच्या.

मग पांढरं यंत्र जोडलं. वेगळी कंपनी, वेगळे शब्द. एकशे एकतीस.

घरी तिनं काही सांगितलं नाही. रविवारी दुपारी नवरा बाजारात गेला होता, आई आतल्या खोलीत पडली होती. ताई जेवणाच्या टेबलाशी बसली. काळ्या यंत्रात आणखी एक सोय होती. चोवीस शब्द यंत्रानं निवडायचे नसतील तर आपण फासा टाकून आकडे द्यायचे, नव्याण्णव वेळा, त्यातून शब्द तयार होतात. त्यात कंपनीचा हात नाही, दुकानदाराचा नाही, कुणाचाच नाही. सापशिडीच्या जुन्या डब्यातला फासा तिनं घेतला. टाकायचा, आकडा लिहायचा, टाकायचा, लिहायचा. लाकडावर त्या हाडाच्या फाशाचा कोरडा आवाज. नव्याण्णव व्हायला पाऊण तास लागला. बोटं दुखायला लागली.

"कोण जिंकलं गं?" आतून आईनं विचारलं.

"मी एकटीच आहे आई. काम करतेय."

"एकटी कशी? दोघं टाकत होता ना." आत पलंग वाजला. "एक जण आपटायचा. दुसरा हळूच सोडायचा, हातातून ठेवल्यासारखा."

ताईनं टेबलाकडे पाहिलं. एकच खुर्ची ओढलेली होती, तिची स्वतःची. तिनं वही बंद केली, नवे शब्द कागदावर उतरवले, आणि पंचविसावा शब्द भरला.

या वेळी नोंदी एकशे बत्तीस होत्या. सगळ्यांत वरची त्याच दुपारची. वेळ, तिनं फासे टाकायला सुरुवात केली त्यानंतरच्या दहाव्या मिनिटाची.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुणीतरी तुझ्या घराची माहिती काढलीय. खारूचं नाव काढलंय. आईंचे पैसे त्या वॉलेटमध्ये जावेत म्हणून रचलेला सापळा आहे हा."

"फाशाचे आकडे कुणी रचले?"

"एक करून बघ," नवरा म्हणाला. "तुझे ते भाजीचे पैसे टाक त्यात. चोर असेल तर उचलेल."

पांढऱ्यातली चाचणीची रक्कम तिनं त्या वॉलेटच्या पत्त्यावर पाठवली. पोचली. मग दोन्ही यंत्रं दुकानातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. सकाळी नवराही शाळेत जायच्या आधी तिच्याबरोबर दुकानात आला. कुलूप तसंच होतं. रक्कम त्या वॉलेटमध्ये नव्हती.

"बघ," नवरा म्हणाला.

पण ती पांढऱ्यात परत आली होती. पाठवणावळ वजा जाऊन, बाकी पूर्ण. पहाटे कधीतरी परत पाठवलेली. आणि यंत्र हातात घेऊन बटण दाबल्याशिवाय एक दमडी हलत नाही.

नवऱ्यानं काळं यंत्र उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "गरम आहे," म्हणाला. मग बराच वेळ शटरपाशी पाठ करून उभा राहिला. शाळेला त्याला त्या दिवशी उशीर झाला.

पंधरा तारखेला तीन दिवस उरले होते. आता आईला सांगणं भाग होतं, कारण पैसे तिचे होते. ताईनं सांगताना आवाज अगदी सपाट ठेवला. नंबर सांगावा तसं सांगितलं.

"दोन्ही माझ्या हातात दे," आई म्हणाली.

ताईनं पांढरं उजव्या हातात दिलं, काळं डाव्या. आईनं पांढरं मांडीवर ठेवलं. काळं दोन्ही तळव्यांत धरलं, थंडीत पेला धरावा तसं. मान थोडी वळवली, कडेच्या नजरेनं त्याच्याकडे बघत राहिली.

"यातच ठेव. त्याच्या नावात."

"आई, तिथं कोण आहे आपल्याला माहीत नाही."

"तुला माहीत नसेल."

"परत मिळाले नाहीत तर?" नवरा म्हणाला. "आई, नीट विचार करा. एकदा गेले की कुठं तक्रारसुद्धा करता येणार नाही."

"परत मिळायला ते माझे आहेत कुठं?" आई म्हणाली. "ज्याचे त्याला पोचले की झालं. मी अकरा वर्षं राखण केली. आता माझ्यानं होत नाही."

ताईनं दोन रात्री विचार केला. तिची बुद्धी सांगत होती, पांढऱ्यात ठेव, शब्द न घालता, साधं. रकान्यांत तसं लिहूनही झालं होतं. पण पैसे आईचे, आणि आईनं उभ्या आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट होती. चौदा तारखेला दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तिनं काळं यंत्र जोडलं, शब्द भरला, पत्ता काढला. नवरा शेजारी उभा राहून एकेक अक्षर ताडून बघत होता. तिनं बाजाराच्या खात्यातून सगळे कॉइन पाठवले. सगळे.

तीन तासांनी ते पोचले. भाजीच्या पैशांची जा-ये धरून एकशे पस्तिसावी नोंद.

दोघं घरी आली. आईला सांगितलं. आईनं मान हलवली आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

सकाळी ताईनं दुकान उघडलं, नवरा बरोबर होता. कपाट उघडलं.

काळं यंत्र हाताला गार लागलं.

पहिल्यांदाच.

तिनं ते जोडलं. शब्द भरला. चक्र फिरलं नाही. पडदा लगेच आला.

शून्य.

शून्याखाली नोंदीही नव्हत्या. अकरा वर्षांपूर्वीची नव्हती, कालचीही नव्हती. 'टेबल' नि 'खिडकी'सारखी कोरी खोली.

तिनं शब्द पुन्हा भरला. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत.

शून्य.

नवरा खुर्चीत बसला.

पांढऱ्यावर पिन दोनदा चुकली. तिसऱ्यांदा उघडलं. पंचविसावा शब्द नाही, काही नाही, साधं वॉलेट, भाजीचे पैसे ठेवायचं.

सगळे तिथं होते.

पहाटे आलेले. एकाच नोंदीत. तिनं बेरीज केली, नवऱ्यानं केली, आणि शेवटी तारमामांना बोलावून करवून घेतली. आईचे सगळे कॉइन होते. आणि त्यावर आणखी, त्या एकशे बत्तीस महिन्यांत थोडे थोडे करून साठलेले, तेही होते. शेवटच्या दशांशापर्यंत. मागं काहीच ठेवलं नव्हतं.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. घरी पोचेपर्यंत तो मोकळेपणानं बोलायलाही लागला. "आई," त्यानं दारातूनच सांगितलं, "सगळे परत आले. वर आणखी आलेत. त्यानं स्वतःचे घातलेत त्यात."

आई पलंगावर उठून बसली. "त्याचे किती ठेवले त्यानं?"

"काहीच नाही. सगळे पाठवले."

"काहीच नाही?"

"एक पैसुद्धा नाही."

आईनं मान वळवली. कडेनं बघायची तशी नाही, सरळ समोर वळवली, जिथं तिला काहीच दिसत नव्हतं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. मग ती म्हणाली, "परत यायचं असलेला माणूस आपलं काहीतरी मागं ठेवून जातो. एखादा सदरा. निदान फुटकी पेटी." तिनं पांघरुणाची घडी घातली, अगदी काठाला काठ लावून. "विकायचे असतील तर आता विका."

ते वाक्य ऐकण्यासाठी नवरा अकरा वर्षं थांबला होता. पण पुढं कित्येक दिवस विकण्याची गोष्ट त्यानं काढली नाही. कॉइन पांढऱ्यात राहिले. निवड अशी झाली.

काळं यंत्र कोरं करून, डब्यात घालून, ताई आठवड्यानं ते परत द्यायला तारमामांकडे गेली. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि डब्यावरचा क्रमांक यंत्रामागच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तो जुळत होता.

"हे मी नाही परत घेऊ शकत ताई," ते म्हणाले. "हे नवं नाही राहिलं. बटण बघा."

तिनं दुकानात येऊन यंत्र भिंगाखाली धरलं. उजव्या बटणावरचा खरखरीत थर पार गेला होता. खालचं प्लॅस्टिक गुळगुळीत, चकाकतं, मधोमध खोलगट. जुन्या चष्म्यांच्या काड्यांवर अशी झीज ती रोज बघायची, जिथं माणूस सवयीनं बोट टेकवतो तिथं. किती वर्षांची झीज केवढी असते हे तिला न मोजता कळायचं. ही दोन-तीन आठवड्यांची नव्हती. ही दहा-अकरा वर्षांची होती. तिनं त्या खळगीत आपला अंगठा ठेवून पाहिला. खळगी मोठी होती. अंगठा तिच्यात सैल पडत होता.

यंत्र तिनं फेकलं नाही. काचांची जाडी मोजायचा काट्याचा मापक तिच्याकडे होता. दर शनिवारी दुकान झाडून झालं की ती कपाट उघडायची, खळगीची खोली मोजायची आणि वहीत लिहायची. यंत्र गार असायचं, कशालाही जोडलेलं नसायचं. काटा दर शनिवारी केसभर पुढं गेलेला असायचा. आईला ती सांगत नव्हती. आईनं वाट बघणं सोडलं होतं आणि त्यामुळे तिला नीट झोप लागू लागली होती. ती मोडावी असं ताईला वाटत नव्हतं.

आठ महिने असं चाललं. मग एका शनिवारी काटा जिथल्या तिथं राहिला. पुढच्या शनिवारीही तिथंच. सलग पाच शनिवार तिनं तोच आकडा लिहिला, आणि सहाव्या शनिवारी मोजून झाल्यावर वही मिटता मिटता, का कोण जाणे, यंत्र जरा तिरकं करून उजेडात धरलं.

डावं बटण तोवर अगदी कोरं होतं. आता त्याच्या मध्यावरचा खरखरीतपणा थोडासा गेला होता. तिनं भिंग लावलं. नवी खळगी धरू लागली होती, उथळ आणि अरुंद. तिनं आपला अंगठा तिच्यावर टेकवला. खळगी अंगठ्याखाली पूर्ण झाकली गेली. फार लहान होती, एखाद्या लहान मुलाच्या अंगठ्याएवढी.